विहिरीचा आवाज

बाबा, तुमचं विहिरीचं नाटक परत झालं. अकोल्यातच झालं, मागच्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी, आणि मी आईला घेऊन गेले होते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही, कारण जे सांगण्यासारखं होतं ते आईला सांगून भागत होतं. हे आईला सांगून भागणार नाही.

जठारपेठेतल्या आपल्या दोन खोल्या मला स्वयंपाकघरापासूनच आठवतात. शाळेचं गॅदरिंग जवळ आलं की तुम्ही पाण्याचा तांब्याचा गुंड उचलायचे, सगळं पाणी बादलीत ओतायचे आणि पाटावर बसून त्यात तोंड घालून गायला लागायचे. विहीर गाते ती अशी. आई पोळ्या लाटता लाटता ओरडते, "आता लेकरायनं पाणी कायचं प्यावं?" आणि तुम्ही गुंडातूनच, घुमणाऱ्या आवाजात म्हणता, "विहिरीवर याऽऽ." आई तोंड फिरवून हसते. तिचं ते हसू तुम्हाला दिसायचं नाही, तुमचं डोकं गुंडात असायचं. म्हणून सांगून ठेवते.

तुम्ही वर्गात शिकवलेलं किती जणांच्या लक्षात राहिलं मला माहीत नाही, पण ती गोष्ट आमच्या वयाच्या अर्ध्या अकोल्याला पाठ होती. गावाबाहेरची विहीर, तिच्यात वाकून बोललं की ऐकणाऱ्याला जे हवं तेच ती गोड आवाजात बोलते. मुलं ऐकत बसतात, घरी यायची विसरतात. एक मुलगी आपल्या धाकट्या बहिणीला आणायला विहिरीत उतरते. विहीर दोघींनाही गोड बोलून धरून ठेवते. शेवटी मोठी चिडते, "वेण्या पाह्य तुह्या, कशा झाल्या! चाल घरी," आणि त्या रागावण्यावरून धाकटी तिला ओळखते. इतकीच गोष्ट. दरवर्षी तेच नाटक, तीच गाणी, आणि पडद्यामागे तुम्ही, तोंडापुढे आमचा गुंड धरून. मुलं बदलायची, विहीर तुम्हीच.

मी चौथीत असताना कोरसमध्ये होते. मला दुसरं कडवं येत नव्हतं, म्हणून मी नुसते ओठ हलवत होते. एवढ्या पोरींमधून तुम्हाला ते कसं कळलं कोण जाणे. तालीम थांबवून तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ओठ हालवू नको. येत नसन तर गप उभी राय." मी गप उभी राहिले, प्रयोगातसुद्धा. घरी येताना तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत आणि कोपऱ्यावरच्या ठेल्यावर खर्रा घोटून घेतलात. तो प्लास्टिकवर सुपारी-तंबाखू घासल्याचा आवाज त्या रस्त्याबरोबर माझ्या डोक्यात बसला आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं माहीत नाही. नागपूरला डॉक्टरांनी घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. तुम्ही मान हलवलीत, जणू वर्गात कोणी बाहेर जायची परवानगी मागितली होती. परत आलात ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरी जाळी घेऊन. जे सांगायचं ते तुम्ही शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचे, आणि हाक मारायची असली की स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचे. आई तुमचं लिहिलेलं चटकन वाचायची. मला वेळ लागायचा, तुम्ही चिडायचे, मग मी खोलीतूनच निघून जायची. कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. बाहेरच्या खोलीत बसून मी तुमच्या तालमींच्या कॅसेट बारीक आवाजात लावायची. तुम्ही आत जिवंत होता आणि मी बाहेर तुम्हाला ऐकत होते. तेवढ्यात पेला वाजायचा. मी टेप बंद करून पाणी घेऊन यायची. तुम्ही पाणी प्यायचे नाहीत. मला वाटायचं, गिळता येत नाही म्हणून.

तुम्ही गेल्यावर कॅसेट सापडल्या नाहीत. आई म्हणाली, घर बदलताना कुठे गेल्या देव जाणे. मला नांदगाव पेठेत कापडाच्या युनिटमध्ये ऑफिसात नोकरी लागली, आम्ही दोघी अमरावतीला आलो, आणि तुम्ही भिंतीवरच्या फोटोत राहिलात, तोंड मिटून.

मागच्या उन्हाळ्यात तुमची ती विद्यार्थिनी घरी आली, जिनं तीन वर्षं मोठ्या बहिणीचं काम केलं होतं. आता चाळिशी ओलांडली आहे, अकोल्यात मुलांची नाटकं बसवते. तिला तुमचं नाटक नव्यानं करायचं होतं. विहिरीच्या जागी मोबाइल. धाकटी फोनमध्ये उतरते आणि फोन तिला हवं तेच ऐकवत राहतो. "सरांनी हे आमच्यासाठी आधीच लिहून ठेवलं होतं ताई, आमालेच कळलं नाई," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला ती आवडली. गाणी तिला तोंडपाठ होती, पण चाली पक्क्या करायला काही जुनं रेकॉर्डिंग मिळेल का, असं तिनं विचारलं. आई तेव्हा वलगावला मावशीकडे गेली होती. मी घर पालथं घातलं आणि आईच्या पत्र्याच्या पेटीत, रजयांच्या खाली, जुन्या लुगड्यात बांधलेल्या त्या सगळ्या कॅसेट निघाल्या. आईनं त्या लपवल्या होत्या हे मला तिथेच कळायला हवं होतं. मी स्वतःला सांगितलं, ती विसरली असेल.

कॅसेट मी तुमच्या विद्यार्थिनीला दिल्या. महिन्याभरानं तिचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती, आनंदाची बातमी सांगताना काही जण बोलतात तशी. म्हणाली, "ताई, एआयनं सरांचा आवाज परत आणता येते. पुण्याचा एक जण करून देईन. विहिरीची सगळी गाणी सरच म्हणतील. नवीन वाक्यंसुद्धा." परवानगीचा एक कागद आला, त्यावर मी सही केली. तिनं विचारलं, काकूंना सांगायचं का? मी म्हटलं, नको, तिला तिथेच कळू दे, तिला आनंद होईल. बाबा, मी आईच्या आनंदाचा विचार केला नव्हता. ती नाही म्हणेल अशी मला भीती होती, आणि मला तुमचा आवाज ऐकायचा होता.

त्या रविवारी आम्ही मूर्तिजापूरवरून बसनं गेलो. आईनं मोतिया रंगाची साडी नेसली होती. वाटेत तिनं दोनदा विचारलं, "पोट्टे चांगले म्हणतात ना गानं?" नाट्यगृह भरलं होतं. माझ्या वयाचे लोक आपापल्या मुलांना घेऊन आले होते, नाव पुकारलं तेव्हा तुमच्यासाठी टाळ्या वाजल्या. पहिला अंक छान झाला. पोरी कानापासून तोंडापर्यंत येणारे बारीक माइक लावून गात होत्या, मागे हा एवढा मोठा पडदा, त्यावर फोनसारखी चित्रं सरकत होती. आई गुडघ्यावर ताल धरत होती. दुसऱ्या अंकात धाकटी मुलगी त्या पडद्याच्या आत गेली, अंधार झाला, आणि तुम्ही बोललात.

"ये पोरी. इकडं ये. मी आहे ना."

तुमचाच आवाज होता. पण धुऊन काढल्यासारखा. लांब ओळीच्या आधी तुम्ही नाकानं जो श्वास ओढायचे तो त्यात नव्हता. खर्ऱ्यानं आलेली खरखर नव्हती. तुम्ही कधी लिहिलं नाही असं वाक्य तुम्ही एका दमात, न खोकता म्हणत होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. मी आईकडे पाहिलं. तिचा हात गुडघ्यावर थांबला होता. मग ती उभी राहिली. मी तिचा पदर धरला, तिनं तो सोडवून घेतला.

"कावून बोलावून राहिले तुमी त्यायले?" ती स्टेजकडे पाहून मोठ्यानं म्हणाली. "मेला ना थो माणूस. मरू द्या ना त्याले."

स्टेजवरची पोरगी गप झाली. पण तुम्ही गप झाला नाहीत, तुम्हाला कोणी थांबवलंच नाही, तुम्ही पुढचं गोड वाक्य म्हणत राहिलात. मागच्या रांगेतल्या कोणाला वाटलं हे नाटकातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आई त्या टाळ्यांमधून बाहेर गेली.

ती पायऱ्यांवर बसली होती, उन्हात. मी पाण्याची बाटली पुढे केली तर तिनं ती घेतली नाही. मग म्हणाली, "कोठून भेटल्या तुले त्या?" मी पेटीचं सांगितलं. ती म्हणाली, "त्यायनं मले लिहून देल्लं होतं, ह्या जाळ म्हून. तू तिकडं बाहेर टेप लावे, अन् इकडं त्यायच्या डोळ्याले धार लागे. टेप बंद कर म्हून पेला वाजवत. तू पानी आने." मी म्हटलं, "आई, तू मला सांगितलं का नाहीस?" तर ती म्हणाली, "तुह्या तोंडाकडं पाहून. तुले तेवढाच बाप उरला होता." मग माझ्याकडे न बघता, "जाळाले पाह्यजे होत्या. माह्याच्यानं झालं नाई. माहीच चूक हाय."

मी दरवेळी पाणी आणत होते, बाबा.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या विद्यार्थिनीला फोन केला आणि तो आवाज काढून टाकायला सांगितलं. ती रडली. सर आमचेही होते, म्हणाली. मुलं त्याच आवाजावर तालीम करून तयार झाली आहेत, पुढचे प्रयोग ठरले आहेत, आता दुसऱ्याचा आवाज कुठून आणू? मग म्हणाली, "ताई, तुमची सही आहे." बोललेली वाक्यं ती काढेल, गाणी राहतील, इतकं झालं. तिच्यावर मला राग धरता येत नाही. तिला कोणी लिहून दिलं नव्हतं, मलाही नव्हतं, पण पेटीतली गाठ मी सोडली होती.

कॅसेट तिनं परत पाठवल्या. आईनं मागच्या अंगणात, आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत, एकेक करून त्या जाळल्या. काळा धूर झाला, शेजारीण भिंतीवरून विचारायला आली की काय जळून राहिलं. आई म्हणाली, "जुनं सामान." फितीचा एक गुंता जळला नाही, आखडून गोळा झाला, तो तिनं काठीनं परत आत ढकलला. तेव्हापासून ती कमी बोलते. जेवण ताटात तसंच राहतं. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट चांगले आहेत. प्रयोग अमरावतीलाही झाला, चौकात फलक लागला होता. मी तिला पंधरा दिवस त्या रस्त्यानं नेलं नाही. मागच्या आठवड्यात भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "सगळं जळलं ना बाई? कोठं काई राह्यलं नाई ना आता?" मी म्हटलं, नाही, काही राहिलं नाही. तिनं मान हलवली आणि त्या दिवशी एक पोळी जास्त खाल्ली.

हा कागद तिला वाचून दाखवला असता तर तुम्हाला पोचला असं मी मानलं असतं, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. पण दाखवणार नाही, कारण पुढचं तिनं ऐकायला नको.

आवाज तयार होत होता तेव्हा तुमच्या विद्यार्थिनीनं मला सहज विचारलं होतं, सरांकडून तुमच्यासाठी काही म्हणवून घेऊ का? मी आढेवेढे घेतले नाहीत. लगेच सांगितलं. माझं घरातलं नाव, आणि पुढे, "जेवली काय वं?" तसं तुम्ही मला कधी विचारल्याचं आठवत नाही, ते आईचं काम होतं. ते माझ्या फोनमध्ये आहे. पुसलेलं नाही. कंपनीत दुपारची सुट्टी झाली की मी बायकांच्या बाथरूममध्ये जाते, कडी लावते, फोन कानाशी धरते. तुम्ही विचारता. मी हो म्हणते. डबा तोवर उघडलेलाही नसतो.