पाचवा डिले

४ मार्च
पोचले एकदाची! दोन बॅगा, गिटार आणि गिटारचे हवे ते आवाज बनवणारा मॉडेलरचा डबा घेऊन जिना चढताना जीव मेटाकुटीला आला, पण खोली बघितली आणि सगळा शीण गेला. मोठी खिडकी, लाकडी जमीन, भिंतीला जाड पडदे. इथं आवाज छान बसणार. आईला फोन करून सांगितलं की लेक महालात उतरली आहे. ती म्हणाली की आधी जेव.

मला या कामासाठी बोलावलं त्या ताईंच्या धाकट्या भावाची ही खोली. बँडमध्ये गिटार वाजवायचा, गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. घरात त्याला 'ध्यान' म्हणत. ताई अजूनही 'आमचं ध्यान' म्हणून सुरुवात करतात आणि मग पटकन दुसरीकडे बघतात. बँडला त्याच्या आठवणीत कार्यक्रम करायचाय. वाजवायला माणूस मिळाला, पण तो आवाज मिळेना. चार जुने डिले, म्हणजे पायाने दाबायची पेडलं, एकाला एक जोडून भाऊ तो आवाज काढायचा. ते कधीच खराब झाले. उरलंय एक रेकॉर्डिंग, आणि त्यावरून तोच आवाज मला माझ्या डब्यात बांधायचाय. घरी राहूनच करा, ही ताईंची अट. त्यांच्या आईला तो तयार होताना ऐकायचाय.

६ मार्च
काकूंना, म्हणजे ताईंच्या आईला, डिले समजावून सांगितला. वाजवलेला सूर तो धरून ठेवतो आणि जरा वेळाने परत ऐकवतो, दर वेळी थोडा हळू, शेवटी विझतो. बस, एवढंच. पहिला मी अगदी लगेचचा लावलाय, दुसरा पाऊण मात्रेचा, तिसरा पूर्ण मात्रेचा आणि चौथा लांबचा, जुन्या टेपसारखा किंचित थरथरणारा. एकावर एक चढले की एकटी गिटार चौघांची वाटते. काकू दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. ताई म्हणाल्या की वर्षभरात त्या पहिल्यांदाच जिना चढल्या. जेवतही नाहीत धड, दोन घास टाकतात आणि उठतात. हे काम मन लावून करायचं ठरवलंय.

९ मार्च
चारही जुळले, तरी आवाज तो नाही! रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक येतो, पाचवा. कुठल्याच आकड्यात बसत नाही. कधी लवकर, कधी रेंगाळून, माणूस आल्यासारखा. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, पेडलं चारच होती, मीच पुसायचे. तिखट कानाची म्हणून सगळीकडे मिरवते मी, आणि इथं आठवडाही झाला नाही तोच नाक कापलं जायची वेळ आली.

११ मार्च
काकूंनी विचारलं की हे सूर विझायलाच हवेत का. मी फीडबॅकचं बटण दाखवलं. वाढवलं की सूर जास्त वेळा परत येतो. शंभरावर नेलं तर विझतच नाही. जुनं साचत जातं आणि नवं त्यात बुडतं, म्हणून कुणी तिथं ठेवत नाही. त्या म्हणाल्या, एकदाच ने, माझ्यासाठी. मला नाही म्हणवेना.

चौथा डिले शंभरावर नेला आणि वाजवलं. पाचवा आला. मी लावलेलाच नव्हता. एक सूर माझ्याकडून चुकला होता, तो त्याने बरोबर करून परत दिला. काकू हसल्या. म्हणाल्या, ध्यानाला चुकीचं कधी सहनच व्हायचं नाही. मला भरून आलं, आणि अंगावर काटाही आला.

१३ मार्च
काकू केस विंचरून वर आल्या. पोटभर जेवल्या. ताई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होत्या, आनंदाने. त्यामुळे बटण तसंच ठेवलंय. गिटारची वायर काढली तरी पाचवा वाजतो.

वायर परत लावली तर माझाच सूर ऐकू येईना. तार छेडते, बोटाला थरथर कळते, स्पीकरमधून फक्त परतलेले सूर. सगळी सेटिंग तपासली. कुठेच काही चुकलेलं नाही.

१५ मार्च
आईचा फोन. म्हणाली, एकच वाक्य चारचारदा काय बोलतेस, आणि दर वेळी आवाज बारीक का होतो. मी नेटवर्कवर ढकललं. ती म्हणाली, नेटवर्क नाही गं, माझी पोर मला कळते. मी येते तुला न्यायला.

खाली ताईंना हाक मारली. वळल्या नाहीत. जरा वेळाने मान वर केली आणि जिन्याकडे बघितलं. माझी हाक तेव्हा वरून आली होती, स्पीकरमधून.

१६ मार्च
बटण खाली आणायला गेले. काकूंनी माझा हात धरला. ताईंची नजर सकाळपासून माझ्यावर ठरत नाही, पण काकूंना अजून दिसते मी. पाया पडू लागल्या, माझ्या. म्हणाल्या, दुसऱ्यांदा नको गं. मी हात मागे घेतला. फार भीती वाटतेय, आणि त्यांचं तोंड डोळ्यांपुढून जात नाही.

१७ मार्च
तोंडातून आवाज येत नाही. बोलते ते वर जातं, उशिरा येतं, त्याच्या सुरांत मिसळून. तो माझं रडणंही सुरात लावतो.

ताईंना चिठ्ठी लिहिली. समोर धरली. नजर कागदावरून गेली, थांबली नाही. आता काकूंनाही दिसत नाही मी. हाक मारली की त्या स्पीकरकडे वळतात.

आता बटण खाली आणलं तर त्याच्याबरोबर मीही — नको.

१८ मार्च
आई आली. दाराशी माझ्या चपला बघितल्या, एक हातात घेतली. मी समोर उभी. आरपार बघत होती. आई — आई गं —

काकूंनी तिला हाताला धरून वर आणलं. स्पीकरसमोर बसवलं. म्हणाल्या, इथं कान द्या, हळू बोलते, पण असते.

आईने ओळखलं. लगेच.

विचारतेय, जेवलीस का. मी हो म्हणतेय. उशिरा. बारीक. परत. हात लावून बसलीय स्पीकरच्या जाळीला. दोघी शेजारी शेजारी —

ताई दारात. दोघींकडे बघतायत. तोंडावर हात. म्हणतायत, माझी आई बुडाली ह्या खुळात, ह्यांना नाही बुडू देणार. पुरे झालं.

भिंतीकडे — प्लगकडे —

काकू ओरडतायत. आई उठलीय. ताई, नका ना, मी आहे ह्यात, आई, सांग त्यांना, मी अजून —

मी अजू