पोहायला न येणारे पप्पा

प्रिय अहो,

तुमचं नाव घ्यायची सवय तेव्हाही नव्हती, आता कशी लागेल? लिहायला बसले, कारण काल पालकसभेला गेले होते. ईश्वरीच्या बाई म्हणाल्या, "वडिलांवर लय छान बोलली वर्गात. गोदावरीत पोहायला शिकवायचे म्हणे तिला."

तुम्ही? गंगाखेडच्या घाटावर चपला हातात धरून वरच्याच पायरीवर थांबणारे? आणि तुम्ही गेलात तेव्हा ती दीड वर्षाची होती. 

घरी येताना तिला विचारलं. मान खाली घालून म्हणाली, "तू काहीच सांगत न्हाईस. पप्पांचं नाव काढलं की रडायला लागतीस. मग मी काय बोलू?"

रागवायचं होतं, जमलं नाही. तिला तशीच पालमच्या बस स्टँडवर घेऊन गेले. सांगितलं, "तू रडायला लागलीस की पप्पा तुला इथं आणायचे. गाड्यांच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवायचे."

"मग आमी कुठं जायचो?"

"कुठंच न्हाई. तू गप झालीस की घरी."

ती हसली. मग म्हणाली, "आणि पप्पा माझ्याएवढे होते तवा?"

ते मला कुठं माहीत होतं? म्हणून आज चुडाव्याला तुमच्या ताईंकडं गेलो. ताईंनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, "तुझा बाप लहानपणी विहिरीत पडला होता. आमच्या दादांनी वर काढला. तवापासून पाण्याजवळ जायचा न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुला बोलला न्हाई कधी?"

नाही बोललात. मी तुम्हाला भित्रे म्हणून चिडवायचे, तुम्ही नुसतं हसायचात. का नाही सांगितलंत हो? परतीच्या एसटीत ईश्वरी माझ्या मांडीवर झोपून गेली. तुमच्याशी कडाकडा भांडावंसं वाटलं. शेजारच्या सीटवर कुणाची तरी पिशवी होती. इतकी वर्षं एकटीनं काढली, पण आजच्याइतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

एक वचन देते. हार घालून तुम्हाला देव करणार नाही. भाजीत मीठ कमी पडलं की ताटावरून उठायचात, तेही तिला सांगेन. रडू आलं तर रडत सांगेन. जे मला ठाऊक नाही, ते ठाऊक नाही म्हणेन. पण तिला तुम्हाला मनानं रचावं लागणार नाही.

तुमची,
ईश्वरीची आई