बाबांची लेन्स आणि मी आणलेला कॅमेरा

बाबा, तुमची लेन्स चालते. परवा दुपारी मी ती नव्या कॅमेऱ्याला लावली, बटण अर्धं दाबलं आणि ती खर्र करून फिरली. तोच आवाज, थोडा घोगरा. एवढंच तुम्हाला सांगावं म्हणून कागद घेतला होता. पण एवढंच सांगून थांबले तर पुन्हा एकदा खोटं बोलल्यासारखं होईल, म्हणून सगळं लिहिते. आमगावच्या घरी आले आहे. स्वयंपाकघरात तुमच्याच जागेवर, खिडकीकडे पाठ करून बसले आहे. आई बाहेर ओट्यावर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलते आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली.

ती लेन्स तुम्ही आणलीत तेव्हा मी चौथीत असेन. नागपूरहून पॅसेंजरने आलात आणि बूटसुद्धा न काढता बाजेवर बसून डबा उघडलात. तोवर तुम्ही चेहरा साफ दिसेपर्यंत लेन्सवरची कडी हाताने फिरवूनच फोटो काढायचात. ही लेन्स आपोआप फिरते म्हणालात तेव्हा आईला ते खरंच वाटलं नव्हतं. मग तुम्ही लेन्स उलटी करून मला तिच्या मागच्या पत्र्यातली खाच दाखवलीत. म्हणालात, "हिच्यात मोटर नाही. मोटर कॅमेऱ्यात राहते. त्याच्यातला स्क्रू या खाचेत बसते अन् तो हिले फिरवते." पुढच्या शिवरात्रीला नागऱ्याच्या देवळात गेलो, तेव्हा गर्दीतून बाजूला नेऊन तुम्ही कॅमेरा माझ्या गळ्यात घातलात. तो इतका जड की माझी मान पुढे आली. समोर आई, हातात बेलाची परडी. मी धाडकन बटण दाबायला गेले तर तुम्ही माझं बोट धरलंत. "काऊन घाई करून राहिलीस? अर्धं दाब. आवाज थांबला का मंग पुरं." तो फोटो अजून समोरच्या खोलीत आहे. परडीतल्या पानाची शीर न् शीर दिसते त्यात.

मला ती खाच माहीत होती, बाबा. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

नंतर रोल धुऊन मिळणं बंद होत गेलं. लग्नवाले सीडी मागायला लागले, आणि स्टेशनसमोरच्या आपल्या फोटोच्या दुकानावरून लोक पुढच्या दुकानात जायला लागले. मी तेव्हा नागपूरला नोकरीला लागले होते. तुम्हाला डिजिटल कॅमेरा मीच आणून देणार असं जाहीर करून टाकलं. तुम्ही फोनवर एकच विचारलंत, "आपली लेन्स चालन ना त्याच्यावर?" मी म्हटलं, चालेल की, कंपनी तीच आहे. कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले तर तिथल्या माणसाने मी न विचारताच सांगितलं, "मॅडम, जुनी लेन्स लावणार असाल तर ही बॉडी नका घेऊ. लेन्स बसेल, पण फिरणार नाही. हिच्यात मोटर नाही. ती मोठी घ्या." मोठी मी हातात घेऊन पाहिली. ती तुमच्या जुन्या कॅमेऱ्यासारखीच जड होती. आणि पुढच्या महिन्यात आम्ही मैत्रिणी पचमढीला जाणार होतो. त्यांच्यातल्या एका मैत्रिणीकडे त्याच कंपनीची छोटी नवी लेन्स होती, आणि माझ्या मनात होतं की तुमचा कॅमेरा चार दिवस मागून न्यावा. छोटी बॉडी माझ्या पर्समध्ये मावत होती. मी छोटी घेतली. तुमच्यासाठी आणलेल्या वस्तूत मी माझी सहल बघितली.

घरी आणला त्या दिवशी तुम्ही आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसला होतात. आईने कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं. तुम्ही लेन्स चढवलीत, तिने टक् करून जागा घेतली आणि तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. मग डोळ्याला लावून बटण अर्धं दाबलंत. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलंत. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. आता सांगावं, दुकानात परत जाऊन बदलून आणावा, एवढं सोपं होतं ते. पण माझ्या तोंडून निघालं, "लेन्स जुनी झाली बाबा, अडकली असेल आतून." तुम्ही लेन्स काढलीत. कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात बराच वेळ बघत राहिलात, उजेडाकडे तिरपा धरून. मग म्हणालात, "हो, तसंच असन." मी म्हटलं, पुढच्या वेळी येताना नवी लेन्स आणते. तुम्ही म्हणालात, "कायले? हातानं फिरवीन. आधी तसंच तर करत होतो." मी सुटले. पचमढीला कॅमेरा घेऊन गेले. नवी लेन्स मात्र कधीच आणली नाही.

त्या उन्हाळ्यात देवरीकडच्या एका गावात माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. काम तुमच्याकडे होतं, पाहुणी म्हणून मीही होते. मांडवात तुम्ही हाताने कडी फिरवत फोटो काढताना मी पाहत होते. नवरी-नवरा एकमेकांना हार घालायला पुढे होतात, मागून मुलं ढकलतात, कुणी नवऱ्याला उचलून धरतं, आणि तुम्ही एक डोळा मिटून, ओठ दाबून ती कडी मागेपुढे करत होतात. तुमच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली होती. जेवायच्या पंगतीत तुम्ही बसलाच नाहीत. चार दिवसांनी मैत्रिणीचे वडील दुकानात आले. मी संगणकावर फोटो उघडून दाखवत होते, तुम्ही शेजारी स्टुलावर. हाराचे फोटो आले. सगळे पुसट. मागच्या मांडवाची झालर स्वच्छ, आणि नवरीचा चेहरा पाण्यातून बघितल्यासारखा.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "भाऊजी, हे तर सारे धुंदले आले. पोरीचं तोंडच नाही दिसून राहिलं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ते बघणं अजून माझ्यासमोर आहे. आता वाटतं, त्यात काहीच मागणं नव्हतं, तुम्ही सहजच बघितलं असेल. पण मला वाटलं की आता माझं नाव येणार. आणि ते येण्याआधी मी बोलले. त्यांच्यासमोर, दुकानात झेरॉक्ससाठी उभ्या असलेल्या दोन बायांसमोर. "काका, बाबांना आता नीट दिसत नाही. मी कधीची सांगते आहे, लग्नाची कामं घेऊ नका म्हणून." मी कधीच तसं सांगितलं नव्हतं. तुम्ही स्टुलावरून उठलात, त्यांच्यापुढे हात जोडलेत आणि म्हणालात, "खरं आहे जी. डोळे नाही साथ देऊन राहिले आता. माफी करा." त्या बायांपैकी एक "च्च" म्हणाली. मी माऊस हलवत राहिले.

पुढच्या वेळी आले तेव्हा दुकानाच्या पाटीवरचा 'लग्नाचे फोटो' एवढा भाग पांढऱ्या रंगाने पुसलेला होता. तुम्ही पासपोर्ट फोटो काढायचात आणि झेरॉक्स. माणूस खुर्चीत हलत नाही, त्यामुळे पासपोर्ट फोटो चांगले यायचे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच तुम्हाला नेलं, जणू माझी काळजी सिद्ध करायला. ते म्हणाले, मोतीबिंदू अजून अगदी कच्चा आहे, घाई नाही.  बाहेर आल्यावर तुम्ही रसाच्या गाड्यावर थांबून मला उसाचा रस पाजलात.

गेल्या वर्षी मी स्वतःसाठी कॅमेरा घेतला. आता त्यांच्यात आरसा नसतो, बाबा. मिररलेस म्हणतात. आरसा गेला म्हणून कॅमेरा पातळ झाला, आणि जुनी लेन्स लावायची तर मधे तेवढी जागा भरून काढणारी एक कडी लावावी लागते. तिला ॲडॉप्टर म्हणतात. मी तुमच्या पेटीतून लेन्स काढली. तुम्ही ती मऊ फडक्यात गुंडाळून, बुटांच्या खोक्यात मिळतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्यांमध्ये ठेवली होती. काचेवर एक डागसुद्धा नव्हता. ॲडॉप्टर मागवला, घाईने मागवला, नीट न वाचता. लेन्स बसली. बटण अर्धं दाबलं आणि ती मुकी. अगदी त्या दिवसासारखी. मी नागपूरच्या माझ्या हॉलमध्ये एकटी उभी होते, तरी मला कुणीतरी बघतंय असं वाटलं. इतक्या वर्षांत मी स्वतःलाच पटवत आणलं होतं की ती लेन्स बहुतेक खरंच बिघडली असेल. म्हणून ती घेऊन गोंदियाला गेले, बाजारातल्या त्या कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे, तुम्ही जायचात त्यांच्याकडेच. आता त्यांचे हात थरथरतात. त्यांनी लेन्स हातात घेतल्या घेतल्या ओळखली.

"ये तो तेरे बाबूजी की है. इसको क्या हुआ? कुछ नहीं हुआ. तेरे अडॉप्टर में मोटरच नहीं है." मग लेन्स पुसत पुसत, मी न विचारता, ते बोलत गेले. "वो छोटी बॉडी लेके आए थे ना यहाँ. मैंने बोला, भाईसाब, इसमें स्क्रू नहीं है, वापस कर दो, बड़ी वाली ले लो. तो बोले, मालूम है मेरे को, मैंने देखा पहले ही दिन. पर लड़की इतने शौक से लाई है. उसको मालूम नहीं होगा. तू उसको बोलना मत."

मी विचारलं, "मग ते कशाला आले होते तुमच्याकडे?" चाचा म्हणाले, लेन्सची कडी थोडी मोकळी करून घ्यायला. हाताने लवकर फिरावी म्हणून.

तुम्ही पहिल्याच दिवशी बघितलं होतंत. तरी त्या लग्नाचं काम केलंत, आणि दुकानात हात जोडून दोष डोळ्यांवर घेतलात. मला माहीत नसेल, असं समजून. बाबा, मला माहीत होतं. दुकानदाराने मला तोंडावर सांगितलं होतं. तुम्ही ज्या मुलीला सांभाळून घेतलंत ती मी नव्हते.

मग मी ज्यात बारीक मोटर असते तो दुसरा ॲडॉप्टर आणला. पण तो लावायच्या आधी एक दिवस मी तुमच्यासारखं करून पाहिलं. एका सहकाऱ्याच्या घरी बारसं होतं, तिथे मोटर नसलेल्या ॲडॉप्टरवर, हाताने कडी फिरवून फोटो काढले. माझ्या धड डोळ्यांनी. नव्या कॅमेऱ्यात तर चित्र मोठं करून बघता येतं, तुमच्या त्या छोट्या बॉडीच्या खिडकीतून नखाएवढं दिसायचं. तरी निम्म्याहून जास्त फसले. बाया बाळाला हातोहात देत होत्या आणि मी ओठ दाबून कडी फिरवत होते. कुणीतरी मला विचारलं, बरं वाटत नाही का?

आणि परवा इथे येऊन मोटरचा ॲडॉप्टर लावला. आई ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. या कॅमेऱ्यात माणसाचा डोळा शोधणारा एक चौकोन असतो. तो आईच्या डोळ्यावर जाऊन बसला, लेन्स खर्र वाजली आणि आई सूप हलवतच होती तरी फोटो आला. पापणीवरचा कोंडासुद्धा दिसतो. आईला दाखवला तर तिने चष्मा वर करून दोनदा पाहिला. म्हणाली, "किती साफ आला. कोणत्या लेन्सचा आहे?" मी सांगितलं, बाबांच्या. तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे लेन्स चांगलीच होती. त्यायचे डोळेच गेले होते, नाही का व?"

मी म्हटलं, "हो."

हे लिहायला बसले ते त्या 'हो'मुळे. वाटलं होतं, तुम्हाला सगळं लिहून झालं की उठून ओट्यावर जाता येईल आणि आईलाही सांगता येईल. आत्ताच ती सोललेल्या दाण्यांची ताटली ठेवायला आत आली होती. उभ्याउभ्याच तिने विचारलं, "एवढं काय लिहून राहिलीस मघापासून?" मी कागदावर हात ठेवला आणि ऑफिसचं काम आहे म्हणून सांगितलं.