विमानाच्या बाजूने

२ डिसेंबर
वाचनालयाचं अभिरूप न्यायालय यंदा माझ्या विषयावर. ब्रिटिशांनी ऐंशीच्या दशकात रद्द केलेलं अवकाशविमान: रद्द केलं नसतं, तर उडालं असतं का? मी विमानाचा वकील. विरुद्ध बाजूला देविदास. तो जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवत आलेला माणूस, माझा तरुणपणापासूनचा मित्र. एरवी न्यायाधीश कोण, माइक कुणाचा, आधी कोण बोलणार, यावर तास घालतो. यंदा एका फोनवर ‘हो’ म्हणाला. खटकलं.

५ डिसेंबर
सकाळभर वाचन. रक्त तापतं. धावपट्टीवरून उठणार, वाटेतली हवा पिऊन चढणार, काम आटोपून परत त्याच धावपट्टीवर. आपली एसटी उमरखेडला जाऊन डेपोत परत येते तसं. आणि सरकारनं काय केलं? इंजिनावर ‘गुप्त’ असा शिक्का मारला. ज्यानं ते शोधून काढलं, त्यालाच ते चारचौघांत दाखवायची बंदी. मग म्हणाले, पैसे नाहीत. आधी हात बांधायचे, मग पोहता येत नाही म्हणून हिणवायचं. सभेत हेच बोलायचं. याच शब्दांत.

९ डिसेंबर
आमच्याकडची रीत: खटल्याआधी दोन्ही वकील एकमेकांपुढे आपापले मुद्दे मांडतात. देविदास त्याच्या तांड्यावरून आला. चहा होईपर्यंत माझं ऐकलं. मग म्हणाला, “वकीलसाहेब, इंजिन सारं मांगं. टाक्या जशा रिकाम्या होतीन तसं वजन अजून मांगं सरकन. मंग नाक कोन धरून ठेवन? माह्या आज्यानं लदेणीचा बैल कधी असा लादला नाही.”
मी तिजोरीवाल्या साहेबांवर घसरलो.
“हे सभेत बोल. मले नाकाचं सांग.”
बोलता बोलता माझा आवाज फाटला. दोनदा. दे.नं पाहिलं आणि काही विचारलं नाही. साधी शिंक आली तरी चौकशी करणारा माणूस. माझ्या घशातला तुकडा तपासायला नागपूरला गेलाय, हे फक्त बायकोला, सुमनला, माहीत आहे.

१० डिसेंबर
सुमनला विचारलं. “मी कशाला सांगू? तुम्हीच गावाला सांगत सुटता सगळं.” कणीक मळताना म्हणाली, वर न पाहता. बायको खोटं बोलते तेव्हा वर पाहत नाही. खरं बोलतानाही कणीक मळताना कोण वर पाहतं म्हणा.

१५ डिसेंबर
नाकाचं उत्तर शोधतोय. पंख मागे सरकवा, टाक्या हलवा, शेपूट वाढवा. उपाय आहेत. पण प्रत्येक उपायानं वजन वाढतं आणि तेवढा माल कमी न्यावा लागतो. शेवटी विमान वर जातं, पण जवळजवळ रिकामं.
विमानाचे हे दोष लिहून ठेवणाऱ्यांवरही माझा भरवसा नाही. फाइल बंद झाल्यावर दोष सापडायला किती सोपे जातात. तरी आकडेमोड पुन्हा करून पाहिली. तेच येतं.
भाषणात हे घेतलेलं नाही. दे. विचारेलच, तेव्हा बघू.

२० डिसेंबर
सभागृह भरलं होतं. आवाजानं साथ दिली, शेवटी थोडा खरखरला तेवढंच. गुप्त शिक्क्याचा भाग आला तेव्हा मागच्या रांगासुद्धा पुढे झुकल्या.
दे. उठला. उडताना विमान ज्यावरून धावतं त्या गाड्याबद्दल विचारलं. उतरतानाच्या चाकांबद्दल विचारलं. मी वाट पाहत होतो. “माझे प्रश्न संपले,” म्हणाला, शुद्ध भाषेत, आणि बसला.
कौल द्यायला श्रोत्यांनी हात वर केले. विमान उडालं. दे. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होता.


२१ डिसेंबर
नागपूरहून अजून काही नाही. सुमन म्हणते, लॅबला सुट्ट्या आहेत. तिला कसं माहीत? तिनं फोन केला होता?
मरणाऱ्याला जिंकू द्यावं, असं ठरवलं असेल दोघांनी, तर मी दोघांनाही माफ करणार नाही.

२३ डिसेंबर
तांड्यावर गेलो. दे. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेला.
“नाकाचा प्रश्न काहून नाही विचारला?”
“इसरलो.”
“तू? पोरांना वर्षानुवर्षं तोच तो प्रश्न विचारणारा तू?”
“मंग तूच सांगाचं होतं स्टेजवर. तुले तर माहीत होता.”
नाकाबद्दल मीही गप्पच होतो, भरल्या सभेत. माझं कारण मला माहीत आहे. त्याचं नाही.
“सुमननं तुला काय सांगितलं?”
“शेंगा मागतल्या वहिनीनं. देतो बांधून. अजून काय सांगते?”
मग मीच म्हणालो, आता विचार. इथं. त्यानं विचारलं, अगदी कोर्टात विचारावं तसं, मला साक्षीदार धरून. मी खरं ते सांगितलं. उडालं असतं. माल नसता गेला.
“मंग कायले उडवाचं?”
“उडतं हे दाखवायला.”
तो हसला नाही. एक शेंग सोलून म्हणाला, “पुढच्या साली बाजू बदलू. इमान मी घेतो. तू पाड मले.”
पुढच्या साली. इतक्या सहज म्हणाला, की त्याला काहीच माहीत नसावं. नाहीतर सगळंच माहीत असावं. मी ‘हो’ म्हणालो आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्यानं शेंगांवरून नजर काढली नाही.