नायिकेचं बोलणं

३ जानेवारी
कादंबरीतली बाई जिवंत होत नाही! पंढरीनं तीन प्रकरणं वाचली. शाळेतला जुना सोबती, तोंडावर बोलतो. "सर, ही बाई नुसती भाकऱ्या थापते. बोलत का न्हाई?"
बाई म्हणजे महानंदा, माझी बायको. दीड वर्षापूर्वी लकवा मारला, वाचा गेली. म्हणून तर तिच्यावर लिहायला घेतलं.

४ जानेवारी
दिवसभरात एक संवाद जमला नाही. चौतीस वर्षांच्या संसारातलं तिचं काय आठवतं? "हाव." "जेवता का?" बस्स! आणि वर्गात पोरांना सांगायचो — पात्राला स्वतःचं बोलणं द्या, तरच ते उभं राहतं.

९ जानेवारी
सापडलं! ती पडल्या पडल्या "मनी, मनी" पुटपुटते. लहानपणीचं मांजर असणार. नायिकेला मांजर दिलं. पंढरी खूश — "आता कुठं बाई जिती झाली!"

१६ जानेवारी
देगलूरहून मेहुणी आली, गुरम्मा. महानंदाच्या उशाशी बसली, कानडीत काहीतरी म्हणाली. आणि महानंदा बोलली! अडखळत, पण बोलली. हसलीसुद्धा.
मी दारातून आत आलो.
"दाजी, कोण म्हणलं वाचा गेली? मराठी गेली तिची. कानडी हाय की!"
"आणि ती मनी?"
"मनि म्हंजे घर. घरी न्या म्हणायलीय ती."
लग्न झालं त्याच आठवड्यात बजावलं होतं — मराठीच्या मास्तरच्या घरात कानडी चालणार नाही. तिनं ते पाळलं. मी विसरूनही गेलो.

१७ जानेवारी
गुरम्मा सांगत होती — लहानपणी सगळी गल्ली हिच्याभोवती जमायची. कुणाचीही नक्कल करायची. माहेरी गेली की माझीही करायची म्हणे. चष्मा नाकावर ओढून — "शुद्ध बोल, शुद्ध बोल!" बायका हसून हसून लोळायच्या.
हे कादंबरीत लिहावंसं वाटलं. पेन उचललं नाही.

१९ जानेवारी
जीप करून तिला देगलूरला, माहेरी आणलं. दुपारभर दोघी बहिणी बोलत होत्या. मी शेजारी. एक शब्द कळेना. शेवटी विचारलं — "माझ्याबद्दल काही म्हणते का?"
गुरम्मा खाली बघून म्हणाली, "न्हाई, दाजी."

२० जानेवारी
लातूरला एकटाच परतलो. महानंदा तिकडंच राहणार. निघताना ती जे बोलली ते गुरम्मानं मराठीत सांगितलं — "मास्तर, तुम्ही जावा आता."