दोन्ही बाजूंचे डाग

३ मार्च, मंगळवार

आता बॅट लाकडीच हवी म्हणे! क्लबचा नवा नियम – या हंगामापासून धातूच्या बॅटी बंद. बेसबॉलचा कॅप्टन शिलाईच्या दुकानात माझ्याकडे पँटची कंबर सैल करून घ्यायला आला होता, त्याने सांगितलं. (पोट सुटलंय, पण कबूल नाही. धुतल्यावर कापड आटलं म्हणे!) जाताना विचारलं, "तुमची स्वारी कधी परत येतेय?"

"बावीसला," मी म्हणाले. म्हणताना सुईतला दोरा निसटला.

दोन वर्षं तिकडे समुद्रापलीकडे गोदीत जहाजांचे पत्रे जोडून नवरा परत येतोय, आणि त्याच्याकडे चालेल अशी बॅट नाही. धातूची बाद झाली. जुनी लाकडी माळ्यावर आहे, पण तिच्या मुठीला भेग. ठरलं, नवी मीच घेणार. त्याला न सांगता!

५ मार्च, गुरुवार

खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. वाटलं, पाच मिनिटांचं काम. दुकानवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सुरू केलं – लांब मारतात की टिपून? चेंडू लवकर गाठतात की उशिरा? हात अगदी खाली धरतात की जरा वर? गळ्यापासून घोट्यापर्यंत या माणसाची सगळी मापं मला पाठ आहेत, डावा खांदा किंचित उतरता आहे हेसुद्धा. आणि हे ठाऊक नाही!

बाई म्हणाल्या, लांब मारणाऱ्याला मूठ बारीक आणि सगळं वजन टोकाला, म्हणजे बॅट फिरली की जोर आपोआप येतो. टिपून मारणाऱ्याला मूठ जाड, वजन सारखं वाटलेलं. "बघा, कपड्यासारखंच आहे. दुसऱ्याच्या मापाचा घातला की अडकतंच कुठेतरी."

जुनी बॅट घेऊन या म्हणाल्या. चेंडूचे डाग बघून सांगते.

८ मार्च, रविवार

आज त्याचा फोन. आडून आडून विचारलं, "तू चेंडू कसा मारतोस रे?"

"का?" त्याने उलट विचारलं.

"सहज."

"कसा म्हणजे... मारतो. तिकडे आल्यावर बघू."

हा तोच माणूस, जो एका फटक्याचं वर्णन जेवण संपेपर्यंत करायचा! ताटातल्या वाट्या मांडून! फोनसुद्धा कशाला तरी टेकवून ठेवला होता, अर्धाच चेहरा दिसत होता. हातात धरायचाही कंटाळा आता.

सासरेबुवा म्हणाले, "लाइन खराब असेल गं." लाइन चांगली स्वच्छ होती.

१० मार्च, मंगळवार

जुनी बॅट शालीत गुंडाळून नेली. बाईंनी खिडकीशी उजेडात धरली. "हा शिक्का वर ठेवून उजवा माणूस मारतो, तेव्हा चेंडू या बाजूला लागतो. हे बघा." डाग सगळे मुठीकडे गोळा झालेले. "उशीर होतो यांना. बॅट जड पडतेय." मला हसू आवरेना. आणि आम्हाला मात्र चेंडू नेहमी कुंपणापार गेल्याचं सांगितलं जायचं!

मग त्यांनी बॅट उलटी फिरवली. "आणि हे कोण?"

दुसऱ्या बाजूलाही डाग. थोडेच, पुसट, पण सगळे चार बोटांच्या जागेत, नेमके जिथे लागायला हवेत तिथे. "हे कुणा डावखुऱ्याचे. हात छान आहे हो."

"संघातलं असेल कुणी," मी म्हणाले.

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. संघात डावखुरं कुणीच नाही. सगळ्यांना मी खेळताना पाहिलंय. डाव्या हाताने लिहिते ती फक्त गुण मांडणारी, लांब वेणीवाली.

११ मार्च, बुधवार

वेणीवालीची पँट आली आहे, उंची कमी करायला. बरोबर तेवढीच केली. मनात नको ते आलं होतं, पण केली बरोबर.

१४ मार्च, शनिवार

आज स्वतःचंच हसू आलं आणि मग रडू!

सासरेबुवांच्या हातून चहा सांडला. मी लांब दांड्याचा पोछा घेऊन पुसायला लागले. ते खुर्चीत पाय वर घेऊन बघत होते. म्हणाले, "सूनबाई, दांडा उलटा धरतेस बघ तू. पहिल्यापासून."

मी हातांकडे बघितलं. डावा वर, उजवा खाली. कात्री उजव्या हाताने, पेन उजव्या, चमचा उजव्या, त्यामुळे मी स्वतःला डावखुऱ्यांत धरलंच नव्हतं. पण दांडा दोन्ही हातांत आला की मी डावी होते.

ते डाग माझे आहेत! लग्नानंतरचा पहिला हिवाळा. पाण्याच्या टाकीमागचं मोकळं मैदान, मी कामावरून सुटले की तो चेंडू टाकायचा आणि मी मारायची. चुकला की मी चिडायची, तो हसायचा. लागला की पळत जाऊन तोच चेंडू आणायचा आणि येताना बडबडायचा – "बघितलंस? बघितलंस?" मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यानंतर हा परदेशी गेला, नि ते सगळं राहूनच गेलं. मला तर डागांवरून आठवलं.

लादी तशीच ओली राहिली. सासरेबुवा तासभर पाय वर घेऊन बसले बिचारे.

१५ मार्च, रविवार

फोनवर विचारलं, "टाकीमागचं मैदान आठवतं?"

म्हणाला, "कामावर जायचंय." आणि ठेवला.

रविवारी कसलं काम? याला परत यायचंय की नाही? का नुसता करार संपला म्हणून येतोय? कुणाला विचारू! मला तो हवाय. उशीच्या त्या बाजूला अजून डोकं ठेवत नाही मी. त्याचं मन तिकडेच राहिलं असेल तर बॅट घेऊन मी काय करणार आहे?

१८ मार्च, बुधवार

तरी गेलेच.

बाई बिल करत होत्या तेवढ्यात एक हलकी, बारीक मुठीची बॅट उचलली. डावा वर, उजवा खाली. हळूच फिरवली. हात आपापले गेले, कुठेच अडकलं नाही. परत फिरवली. मग ठेवून दिली. माझ्यासाठी कशाला?

त्याच्यासाठी बाईंचं म्हणणं – आखूड घ्या, हलकी घ्या, मूठ जाड. डागांप्रमाणे बरोबरच. पण दोन वर्षांनी घरी आलेल्या माणसाच्या हातात काय ठेवायचं? तुला उशीर होतो, हे? मी लांब, टोकाला जड अशीच घेतली. त्याला आपण कुंपणापारवाले वाटतो ना, मग वाटू दे. शिवाय दोन वर्षं लोखंड उचलून हात भरलेही असतील.

बाईंनी मान हलवली, पण बॅट नीट बांधून दिली.

२१ मार्च, शनिवार

केस धुतले. उशीचे अभ्रे बदलले. बॅट दाराआड उभी आहे. उद्या!

२२ मार्च, रविवार

आला.

मोठी बॅग डाव्या खांद्यावर होती. बॅट दिली तर तीही डाव्याच हाताने घेतली. तेव्हा मला कळलं. शिडीवरून पडला होता, आठ महिने झाले. उजवा हात छातीच्या वर जात नाही, जाणारही नाही म्हणतात. "तू बॅटचंच विचारत होतीस गं. सांगवेना." मी त्याचा खांदा धरून कितीतरी वेळ उभी राहिले. सासरेबुवा भिंतीकडे तोंड करून बसले.

मग त्याने बॅट तोलून बघितली आणि माझ्या हातात दिली.

"जड आहे ही तुला. बदलून आण. मूठ बारीक बघ, तुझी बोटं लहान."

"मला? मी कुठे खेळते?"

"डावीकडून उभी राहायचीस. टाकीमागे." हसला. अगदी तसाच. "खालून टाकता येतं मला अजून."

दुकान उद्या दहाला उघडतं.