पाळण्यावरून दिसणारं घर

डोंगरकडा,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय साधनाताई,

शिलावहिनीचा नमस्कार. प्रेमदासभाऊजींना नमस्कार सांगा. पुजाला माझ्याकडून जवळ घ्या. संक्रांतीला बेबीबाईच्या हाती तिळगूळ पाठवला होता, तो मिळाल्याचं तिनं सांगितलं. हे पत्रही तिच्याच हाती देते आहे. ती तुमच्या तांड्यावरून आमच्याकडे हळद निवडायला येते. फोन का केला नाही असं तुम्हाला वाटेल. माझा फोन घरात सगळ्यांच्या हातात असतो, आणि कुणाचा नंबर लागला हे बाबा विचारतात. विचारत नाहीत तेव्हा नुसते बघतात, ते जास्त जड जातं.

इकडे सगळे बरे आहेत. हळद निघाली, कढाया पेटल्यात. केस धुतले तरी हळदीचाच वास येतो. तुमच्या दादांची कंबर धरली होती, आता बरी आहे. बाबांची साखर वरखाली होते. आई बऱ्या आहेत.

बाग मोडली, हे तुमच्या कानावर आलंच असेल. दिवाळीनंतर नांदेडचे भागीदार आले, कागद झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात जेसीबी आला. आता वॉटर पार्क होणार आहे. निळ्या रंगाच्या मोठ्या घसरगुंड्या, लाटांचा हौद, कपडे बदलायच्या खोल्या. नवं नाव इंग्रजी आहे, ते अजून गावात कुणाच्या जिभेवर बसलेलं नाही. तुम्ही गेल्यावर बाबांनी पाटीवरचं 'साधना बाग' चुन्यानं पुसून घेतलं होतं. दोन पावसाळ्यांत चुना उडाला आणि नाव परत दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी पाटीच काढली. तरी कळमनुरीच्या बसचा कंडक्टर अजून "साधना बाग, साधना बाग" ओरडतो आणि मगच घंटी मारतो.

सिमेंटचा हत्ती आधी फोडला. सोंडेवरून तुम्ही पालथ्या घसरायच्या असं आई सांगतात, तोच. त्याचा एक कान विहिरीजवळ कित्येक दिवस पडून होता, मजुरांची लेकरं त्यात बसून खेळायची. आरसेमहालातले आरसे भंगारवाल्यानं नेले. झुकझुक गाडीचे रूळ उपटले. इंजिनाचा पत्र्याचा डबा मात्र गोठ्यामागे ठेवलाय. त्यात कोंबडी अंडी घालते. हे भाऊजींना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. शेवटी भाऊजी चालवायचे त्या गाडीपायीच तर सगळं झालं.

मी रडले नाही, ताई. दादांचंही खरं आहे. लोक येत नव्हते. शाळेच्या सहली नांदेडकडे जायला लागल्या, लेकरांना पाणी पाहिजे, गाणी पाहिजेत. आकाशपाळण्याला तर गंजच लागला होता. मागच्या उन्हाळ्यात एका झुल्याची खीळ निघून पडली, नशीब की तो रिकामा होता. तेव्हापासून दादांना रात्रीची झोप नव्हती. पाळणा काढायलाच पाहिजे होता, हे मलाही कळतं.

पण त्या पाळण्याचं एक तुम्हाला माहीत नाही.

तुम्ही लग्न केलं त्या दिवशी बाबांनी आईंना दादांच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता. साधनाच्या दारात पाय ठेवणार नाही, आणि तिला या उंबऱ्यात घेणार नाही, असं वदवून घेतलं. आईंनी ते आजवर पाळलं. कालव्यापलीकडचा तुमचा तांडा इथून हाकेवर, आणि त्यांनी आजवर कालवाही ओलांडला नाही. पण लग्नानंतर थोड्याच दिवसांनी त्या संध्याकाळी पाळण्यात बसायला लागल्या. आख्ख्या आयुष्यात कधी बसल्या नव्हत्या. गिऱ्हाईक गेलं की पदर खोचून झुल्यात बसायच्या आणि म्हणायच्या, "वैजनाथ, फिरव रे. बंद राहून गंजून राहिला." दादा मोटर चालू करायचे, आणि आई वर गेल्या की थांबवायचे. बराच वेळ. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

एकदा मला सोबत घेतलं तेव्हा कळलं. वरून कालव्यापलीकडचा माळ दिसतो, तांडा दिसतो, आणि लिंबाशेजारचं तुमचं निळ्या दाराचं घरही दिसतं. मी म्हटलं, "आई, हे बाबांना कळलं तर?" तर म्हणाल्या, "दारात पाय ठेवणार न्हाई असं बोलले व्हते. बघणार न्हाई असं थोडंच बोलले?"

त्यानंतर मी कायम सोबत जायची. तुमच्या अंगणातली लाल साडी, दारातली शेळी, पुजा रांगायला लागली ते, मग चालायला लागली ते, सगळं आम्ही वरून बघितलंय. पुजा पहिल्यांदा पडली तेव्हा आईंनी माझा हात असा दाबला की बांगडी फुटली. अलीकडे त्याच मला विचारायच्या, "काय करून राहिली ती?" आणि मी सांगायची. मला वाटायचं, माझ्या तोंडून ऐकायला त्यांना आवडतं.

पाळणा उतरवला त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. गॅस कटरचा आवाज दिवसभर चालू होता. त्यांनी भाकरी केल्या, सगळ्यांना वाढल्या, आणि चहात साखरेऐवजी मीठ घातलं. दादा तो चहा तसाच पिऊन गेले.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. दुसऱ्या कुणाकडून वेडंवाकडं ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका.

नव्या घसरगुंडीचा लोखंडी मनोरा उभा राहिलाय. पाळण्यापेक्षाही उंच. जिना जाळीचा आहे, पायाखालून सगळी जमीन दिसते. दुपारी मजूर जेवायला बसले होते. मी हळद वाळत घालत होते, तेवढ्यात बेबीबाई ओरडली, "बाई, वर कोण चढली ती?" बघते तर आईंचं हिरवं लुगडं, अगदी शेवटच्या वळणावर.

मी धावत गेले. वर पोचले, तर आई कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या, डोळे नांदेडच्या रस्त्याकडे लावून. मला म्हणाल्या, "शिला, तांडा कुठल्या अंगाला आला गं?"

तांडा त्यांच्या पाठीमागं होता, ताई. मी खांद्याला धरून हळूच वळवलं. आणि मग मलाच दिसलं की मनोरा रस्त्याच्या बाजूला बांधलाय, मधे हळदीचं नवं गोदाम आहे, त्याचा पत्र्याचा उंच पाखा आडवा येतो. कालवा दिसतो, माळाचा थोडा तुकडा दिसतो. लिंब नाही, घर नाही.

"दिसून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "न्हाई आई. गोदाम आडवं आलं."

आई उतरायला उठल्या तर खालची जाळी पायाला लागेना. एक पाऊल पुढे टाकायचं आणि परत घ्यायचं. तिथेच बसल्या. खाली माणसं जमली. दादा वर यायला लागले, तर आई म्हणाल्या, "येऊ नको रे, जिना हलतो." मग बाबा आले. गुडघ्यामुळे त्यांना चढता येत नाही. खालूनच ओरडले,

"काहून चढलीस? उतर! सारं गाव बघून राहिलं!"

"बघू द्या की. मला बी बघायचंच व्हतं."

"काय बघायचं व्हतं तुला तिथून?"

"लेक बघायची व्हती माझी."

 कढईखालची लाकडं तडतडत होती तेवढाच आवाज. बाबा म्हणाले, "आपल्याला लेक न्हाई."

तर आई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी या घरात कधी ऐकला नव्हता. "मग बाग कोणासाठी काढली व्हती? हिंगोलीच्या दसऱ्याला पोरगी पाळण्यासाठी रडली म्हणून आख्खा पाळणाच इकत घेऊन आलेला माणूस कोण व्हता? साधनाला आणा. मग उतरते."

"आणणार न्हाई."

"मग मी बी उतरणार न्हाई."

बाबा सिमेंटच्या पोत्यांवर बसले. उन्हातच. दादा सावलीला चला म्हणाले तरी हलले नाहीत. वर आम्ही दोघी, खाली ते. मजुरांनी काम थांबवलं. लोखंड तापलं, बसवेना. मी माझा पदर आईंच्या डोक्यावर धरला. मला वाटत होतं, आज काहीतरी होईल. आज बाबा दादांना म्हणतील, जा, घेऊन ये तिला. मी खरंच कालव्याकडे बघत होते.

पुष्कळ वेळानं आई हळूच म्हणाल्या, "शिला, ह्यांनी दुपारची गोळी घेतली का गं?"

मी म्हटलं, "न्हाई. जेवलेच न्हाईत."

"चक्कर येईल ह्यांना," असं म्हणाल्या, आणि बसल्या बसल्या एकेका पायरीवर सरकत उतरायला लागल्या. मी पुढं, त्यांचा एकेक पाय धरून पायरीवर टेकवत. खाली आल्यावर बाबांच्या समोरून गेल्या, दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. घरात जाऊन भाकरी वाढली, शेजारी गोळी आणि पाण्याचा तांब्या ठेवला. बाबा जेवले. त्यानंतर त्यांनी लोहार बोलावून जिन्याला फाटक बसवलं. त्याला कुलूप आहे. घराच्या दाराला कुलूप नाही, ताई, दार दिवसभर उघडंच असतं. पण आई दाराशीही येत नाहीत. मी दोन वेळा म्हटलं, चला, कालव्यापर्यंत फिरून येऊ. म्हणाल्या, "वैजनाथच्या डोक्यावर हात ठेवलाय गं मी."

मला रात्री वाटतं की मीही त्या मनोऱ्यावरच आहे अजून. नवा पार्क सुरू झाला की तिकिटाच्या खिडकीत मला बसवणार आहेत. तेवढीच एक खिडकी, तीही रस्त्याकडे तोंड करून.

वर लिहिलं ना मी, आई बऱ्या आहेत म्हणून. ते खोडायला पाहिजे होतं, पण तसंच राहू द्या. आईंनी मला बजावलंय की साधनाला हे कळू देऊ नको, तिच्या जिवाला घोर लागेल. पण मनोऱ्यावर त्यांनी तांडा कुठल्या अंगाला असं विचारलं, तेव्हाच मला सगळं कळलं. उंबरा चाचपत ओलांडणं, चहातलं मीठ, संध्याकाळी मला विचारत राहणं. दादांनी आणि मी त्यांना नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू आहे. एक डोळा गेलाच आहे. दुसऱ्यात मधोमध थोडं राहिलंय, नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही, राहिलेली औषधानं धरून बघू. किती दिवस, ते सांगता येत नाही म्हणाले.

आई डॉक्टरांना एवढंच म्हणाल्या, "मला जवळचं दिसलं तरी पुरं." बसमध्ये पूर्ण वेळ माझा हात धरून बसल्या.

येत्या सोमवारी परत बोलावलंय, नांदेडलाच, बसस्टँडजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात. आम्ही सकाळच्या गाडीनं निघू. मी दादांना विचारलं, "तिथं कुणी भेटायला आलं तर?" ते बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले. मग म्हणाले, "मी आत येणार न्हाई. बाहेर चहा घेऊन राहीन." याच्यापुढे ते काही बोलणार नाहीत, आणि मीही विचारलं नाही. बाबांना दवाखान्यात जाणार एवढंच माहीत आहे. त्यांनी काल विचारलं, "परत कधी येणार?" मी म्हटलं, "उशीर होईल." ते माझ्याकडे बघतच राहिले, आणि मग म्हणाले, "होऊ दे."

तुम्हाला राग असेल, ताई. आमच्यातलं कुणी कधी आलं नाही, पुजाच्या बारशाला नाही, भाऊजींचा हात मोडला तेव्हा नाही. मी तुम्हाला यायलाच पाहिजे असं म्हणत नाही. आईंना मी काही सांगितलेलं नाही, म्हणजे तुम्ही आला नाहीत तर त्या वाट बघत बसणार नाहीत. मी बघेन, ते वेगळं.

पण आलात तर पुजाला आणा. आईंसमोर अगदी जवळ, हातभर अंतरावर उभी करा, बाजूला नको, बाजूचं त्यांना दिसत नाही. आणि तिला पिवळं काहीतरी घाला. बाकीचे रंग त्यांना मळल्यासारखे दिसतात. पिवळा अजून कळतो.

सोमवारी दवाखान्याच्या बाकावर आईंच्या डाव्या हाताला बसणारी,

तुमची वहिनी,
शिला